कोरी तारीख

मुकेशला सासुरवाडीत 'म्हैसवाले जवाई' म्हणत. म्हैस त्याने जन्मात पाळली नव्हती. वर्ध्याला संगणकाचे क्लास घेणारा माणूस, गोठ्याच्या वासानेच नाकाला रुमाल लावणारा. पण त्याचा मेव्हणा रजत पुण्यात एका कंपनीत कामाला होता आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं. मुकेशने आपल्या 'गावखबर' या ब्लॉगसाठी तयार प्लॅटफॉर्म सोडून स्वतःचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, तेव्हा रजत भर पंगतीत म्हणाला, "कपभर चहासाठी जिजाजी म्हैस पाळून राह्यले." पंगत हसली, आणि नाव जे चिकटलं ते चिकटलंच.

मुकेशचं सगळंच चुकत होतं असंही नाही. 'गावखबर'वर आंजी आणि आसपासच्या गावांच्या बातम्या येत. कोणाची मुलगी नोकरीला लागली, कोणती बस बंद झाली, कोणाकडे लग्न आहे. सगळ्यांत जास्त वाचली जायची ती निधन वार्ता. पोटापाण्यासाठी पुण्या-सुरतेला गेलेली माणसं सकाळी उठून आधी तेच पान उघडत. हा सगळा कारभार आधी एका फुकटच्या तयार साइटवर चालायचा. एक दिवस एका म्हाताऱ्याच्या निधन वार्तेखाली त्या साइटने आपल्या मनाने लग्नाच्या हॉलची जाहिरात चिकटवली. वर म्हाताऱ्याचा फोटो, खाली हसणारे नवरा-नवरी. म्हाताऱ्याच्या मुलाचा फोन आला. तो शिव्या देता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "दादा, हे बरं नाई दिसत." मुकेशला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

भाड्याच्या घरात भिंतीवर काय टांगायचं ते घरमालक ठरवतो, असं त्याचं मत झालं आणि त्याने स्वतःचं घर बांधायला काढलं. कित्येक महिने संध्याकाळचे क्लास आटोपले की तो कोड लिहीत बसे. लेख लिहायचं पान त्याचं, तो छापायची रीत त्याची, वाचकांच्या फोनवर बातमीची ओळ पाठवायची सोयही त्याचीच. ज्यावर हे सगळं चालायचं तो संगणकसुद्धा घरात, देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात. त्याची बायको सुरभी शाळेत शिक्षिका, डोक्याने व्यवहारी. तिने एकच विचारलं होतं, तुम्ही घरी नसताना काही बिघडलं तर कोण पाहील, कारण तिला त्यातलं एक बटण समजत नव्हतं. फोनवरून कोणालाही चालवता येईल असं सोपं पान करून देतो, असं मुकेशने कबूल केलं. गळकं छप्पर पुढच्या उन्हाळ्यात दुरुस्त करू म्हणतात, तसंच ते राहून गेलं.

अशात सुरभीचे वडील, चंद्रभान गावंडे, निमोनियाने आडवे झाले. आंजीहून त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात हलवलं. एक दिवस तर असा आला की डॉक्टरांनी काही सांगता येत नाही म्हणून हात वर केले. सुरभी आत, मुकेश बाहेर बाकावर. त्याच्या हातात फोन होता, आणि त्या फोनवर त्याने सासऱ्याची निधन वार्ता लिहिली.

काऊन लिहिली, असं कोणीही विचारील. त्याची एक वाईट खोड होती. गावातलं कोणी सिरीयस आहे असं कानावर आलं की तो मजकूर आधीच तयार करून ठेवायचा, म्हणजे वेळेवर धावपळ नको आणि दुसऱ्या कोणाच्या आधी आपल्याकडे बातमी यावी. पण त्या दिवशी तेवढंच नव्हतं. सासऱ्याचा त्याच्यावर जीव होता आणि त्याचा सासऱ्यावर. लिहिताना तो रडत होता. रडू आवरायला दुसरं काही सुचलं नाही म्हणूनही त्याने लिहिलं असेल. मजकूर मात्र फार सुरेख उतरला. नाव, वय, कापसाच्या वाणांची पारख, भजनातला पहाडी आवाज, मागे पत्नी रुख्माबाई, मुलगा, मुलगी, जावई. फक्त तारखेची जागा त्याने कोरी सोडली.

म्हातारा चिवट निघाला. ताप उतरला, नळ्या निघाल्या, आणि डॉक्टरांनी घरी सोडायची भाषा सुरू केली. मुकेशला तो मजकूर आठवत होता. पुसायला हात जाईना. इतकं चांगलं आपण पुन्हा लिहू शकणार नाही, असं त्याला वाटलं. माणसाला आपल्या लिहिण्याचा मोह किती असावा बघा.

मग तो दुपारचा प्रकार झाला. सुरभी दवाखान्यात होती, क्लासला सुट्टी होती, आणि मुकेशने सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवली. जुन्या आवृत्तीत प्रत्येक लेखावर 'कच्चा' किंवा 'पक्का' अशी खूण असे. नवीत त्याने ती खूण काढून टाकली होती आणि सगळं तारखेवर ठेवलं होतं. तारीख पुढची असेल तर लेख थांबेल, उलटून गेली असेल तर छापला जाईल. हिशेब सरळ होता. ज्या लेखाला तारीखच नाही त्याचं काय, हा विचार मात्र राहिला. माणसाला कोरी जागा कोरी दिसते, संगणकाने तिला शून्य धरलं. शून्य म्हणजे केव्हाच उलटून गेलेली तारीख. मुकेश स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेला तेवढ्यात कपाटातल्या त्या मशीनने रविवारच्या बाजारावरचा अर्धवट लेख छापला, बसचं जुनं वेळापत्रक छापलं, आणि चंद्रभानजी गावंडे यांचे दुःखद निधन झाल्याची ओळ सगळ्या वाचकांच्या फोनवर धाडून दिली.

पहिला फोन रजतचा आला. तो म्हणाला, "जिजाजी, माहा बाप गेला, अन् मले तुमच्या ब्लॉगवरून समजते?"

मुकेशच्या हातातला कप तसाच राहिला. तो म्हणाला, अरे नाही, चूक झाली, बाबूजी चांगले आहेत. रजत म्हणाला, मला धीर देऊ नका, मी निघालो, गाडीत बसतोय. आणि फोन ठेवला.

मुकेश खुर्चीवर आदळला. मजकूर शोधला, पुसायचं बटण दाबणार तोच लाईन गेली. इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी झाली होती, तिने क्षणभर दम धरला आणि मान टाकली. कपाटातला पंखा घरघरत थांबला. आता 'गावखबर' बंद पडला होता. बातमी लोकांच्या फोनवर जाऊन बसली होती, आणि ती खोटी आहे हे सांगायची जागा अंधारात होती. तयार प्लॅटफॉर्म असता तर कच्चा लेख कच्चाच राहिला असता, आणि नाहीच तर सुरभीने दवाखान्यातून अंगठ्याने पुसला असता. हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याने तो दाबून टाकला.

गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोवर त्या बातमीचा फोटो फिरू लागला होता. त्याने घाईघाईने लिहिलं, "बातमी चुकीची आहे. बाबूजी ठणठणीत आहेत." खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. एकाने लिहिलं, "जवाईबापू, धीर धरा." दुसऱ्याने लिहिलं, "गाडी किती वाजेपर्यंत येईन?"

तेव्हा मुकेशला आपण कशात सापडलो आहोत ते कळलं. आपल्याकडे मयताची बातमी कोणी तोंडाने सांगत नाही. बाप गेलेल्या मुलालाही फोनवर 'जरा जास्त आहे, येऊन जा' एवढंच सांगतात. माणूस सुखरूप घरी पोचावा म्हणून सगळं गाव मिळून खोटं बोलतं. मुकेश स्वतः असं कितीदा बोलला होता. आता तो जितकं 'बरे आहेत' म्हणेल तितके लोक म्हाताऱ्याला मेलेला समजणार होते. लिहिलेलं खरं, बोललेलं खोटं, अशी तऱ्हा झाली होती.

आणि आंजीच्या घरी रुख्माबाई एकट्या होत्या. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी बाई. लिहिता-वाचता येत नव्हतं, फोन वापरत नव्हत्या. शेजारच्या मोनालीचा नंबर त्याने लावला, तो सारखा दुसऱ्या कॉलवर. मोनाली नातेवाइकांना कळवत असणार. बातमी घरात पोचली होती यात शंका नव्हती. आता बाया जमतील. रुख्माबाईंना मधे बसवतील. कुंकू पुसतील, बांगड्या फोडतील. नवरा सेवाग्रामला खिचडी खातोय आणि बायकोचे हात उघडे, हे चित्र मुकेशच्या डोळ्यांसमोर आलं.

त्याने सुरभीला फोन लावला. सांगायचं ठरवूनच लावला होता. पण ती हसत बोलली. बाबूजींनी खिचडीची ताटली चाटून पुसून खाल्ली, आता तंबाखू-सुपारीचा खर्रा मागत आहेत, नर्सशी भांडत आहेत. तो हसण्याचा आवाज मोडायची हिंमत त्याला झाली नाही. तो म्हणाला, जरा वेळ फोन बंद ठेव, त्यांना झोपू दे. सुरभी म्हणाली, तसंही चार्जिंग संपतच आलं आहे. एका चुकीवर त्याने दुसरी रचली आणि गाडीला किक मारली.

आंजीचा रस्ता त्याच्या पायाखालचा होता, पण त्या दिवशी सरता सरेना. ऊन कलायला लागलं होतं. वाटेत एक मालवाहू टेम्पो दिसला, मागे उपरणं खांद्यावर टाकलेले सोयरे उभे होते. त्यांनी ओळखून हात केला. मुकेशने गाडी बाजूला घेऊन ओरडून सांगितलं की बाबूजी जिवंत आहेत, परत जा. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातला एक म्हातारा मायेने म्हणाला, "गाडी हळू चालवजा, बापू." टेम्पो त्याच्या मागोमागच येत राहिला.

घरासमोर चपलांचा ढीग होता. चूल पेटलेली नव्हती. शेजारच्या घरून झाकलेल्या भाकरी आल्या होत्या. अंगणात चंद्रभानचा चुलतभाऊ तानबा तिरडीसाठी बांबू तासत बसला होता, आणि कोयत्याचा तो आवाज मुकेशच्या मस्तकात गेला. जित्या माणसाची तिरडी बांधली जात होती, आणि ती बांधणारा प्रत्येक माणूस प्रेमाने बांधत होता.

ओसरीवर बायांच्या मधे रुख्माबाई बसल्या होत्या. भिंतीला टेकून, डोळे कोरडे. मोनालीने बातमी वाचून दाखवल्यापासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांच्या मनगटाजवळ कोकिळाबाई बसली होती, घरातली मोठी जाऊ, स्वतः विधवा. दवाखान्यातून मयताची गाडी यायला उशीर होणार, आली की दिवस बुडायच्या आत घाटावर न्यावं लागणार, तेव्हा बायांचं करून घ्या, असं तिनेच ठरवलं होतं. तिच्यापुढे पाटा आणून ठेवला होता. रुख्माबाईंचा हिरव्या बांगड्यांचा हात तिने पाट्याच्या कडेवर घेतला होता.

"थांबा," मुकेश म्हणाला. "बाबूजी जित्ते हायत."

कोकिळाबाईने हात सोडला नाही. ती समजुतीने म्हणाली की पोराला धक्का बसला आहे, कोणीतरी त्याला पाणी द्या. मुकेश पुन्हा पुन्हा सांगत राहिला, मघाशी बोललो, त्यांनी खिचडी खाल्ली. बायांपैकी एकीने डोळ्याला पदर लावला. मग तानबा अंगणातून म्हणाला, तर मग फोन लावा बापू, त्यांचा आवाज ऐकवा आम्हाला. बोलणं रास्त होतं. मुकेशने सगळ्यांसमोर फोन लावला, आवाज मोठा केला. 'आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता, ती सध्या उपलब्ध नाही.' ते वाक्य ओसरीभर ऐकू गेलं. एक बाई हुंदका देऊन रडायला लागली आणि तिच्यामागून सगळ्या.

आपणच बंद करायला सांगितलेला फोन. मुकेशला वाटलं, जमीन फाटावी.

तेव्हा रुख्माबाई पहिल्यांदा बोलल्या. आवाज बारीक होता, पण रडणाऱ्या बाया थांबल्या. "जवाईबापू, मले धीर देऊ नका. ते जित्ते असतीन, तं मंग हे लिवलं कोनं?"

मुकेशला उत्तर माहीत होतं. वाटभर तो त्याच उत्तराला चुकवत आला होता. मशीन चुकली म्हणता आलं असतं. कोणीतरी खोडसाळपणा केला म्हणता आलं असतं, आणि त्यावर कोणाचा विश्वासही बसला नसता. त्याने कोकिळाबाईच्या हातातला तो हिरवा हात पाहिला.

"मी लिवलं," तो म्हणाला. "ते सिरीयस होते ना, तवाच लिवून ठेवलं होतं. दवाखान्यात, बाहेर बसून. ते आत होते अन् मी बाहेर त्यांच्या मरनाची बातमी लिवत होतो. मंग ते बरे झाले अन् मी पुसली नाई. आज माह्या हातानं सुटली."

कोयत्याचा आवाज थांबला.

खरं काय आणि खोटं काय याची पारख गावाला असते, फक्त ती वेगळ्या काट्यावर होते. धीर देणारा माणूस गोड बोलतो. स्वतःच्या तोंडाला असं काळं फासून कोणी कोणाला धीर देत नाही. तानबाने कोयता खाली ठेवला आणि बांबूकडे असं पाहिलं की जणू तो दुसऱ्याच कोणी आणून टाकला होता. कोकिळाबाईने हळूच हात सोडला. तिने पाटा ओढून भिंतीला उभा केला, आणि मुकेशकडे पाहायचं टाळलं. सगळ्यांनीच टाळलं.

रुख्माबाई मात्र त्याच्याकडे पाहत होत्या. "काय खाल्लं म्हनलं त्याईनं?"

"खिचडी."

"अन् काय म्हनत होते?"

"खर्रा मागून राह्यले. नर्ससंग भांडून राह्यले."

रुख्माबाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. चाळीस वर्षं त्या खर्ऱ्याच्या पुड्या घरभर शोधून फेकत आलेली बाई ती. "मंग जित्ते हायत," त्या म्हणाल्या, आणि मग त्या रडल्या. इतका वेळ अडवून धरलेलं सगळं बाहेर आलं. मोनाली त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि स्वतःही रडत होती, कारण वाचून दाखवणारी तीच होती.

डोळे पुसून रुख्माबाई उठल्या, आत गेल्या आणि चूल पेटवली. मयताच्या घरी चूल पेटत नाही. धूर वर निघाला तसे अंगणातले लोक मोकळे झाले. रुख्माबाईंनी चुलीवर मोठ्या गंजात चहा ठेवला आणि सांगितलं, प्याल्याशिवाय कोणी जायचं नाही. टेम्पोतले सोयरे उपरणी काढून बसले. कोणीतरी म्हणालं की मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हैसवाल्या जवायाची थट्टा करायला ही केवढी संधी होती, पण कोणी एक शब्द काढला नाही. मुकेशला ते थट्टेपेक्षा जास्त लागलं. त्याच्या हातात कप देताना रुख्माबाई हळू आवाजात म्हणाल्या, "सुरभीले तुम्हीच सांगजा. दुसऱ्यानं सांगाले नोको."

चहा तसाच ठेवून तो कडुनिंबाखाली गाडीपाशी गेला. फोन लावला. या वेळी लागला. सुरभी एवढंच म्हणाली, "वाचलं मी." फोन चालू करताच सांत्वनाचे निरोप आले असणार. आणि वर्ध्याला लाईन आली असावी, म्हणजे पूर्ण मजकूरही उघडत असणार. तिने तो वाचला होता, शेवटपर्यंत.

मग त्याने सगळं सांगितलं. आईंच्या बांगड्या शाबूत आहेत, रजतला तानबाकाकांनी फोन करून समजावलं आहे, तरी तो निघालोच आहे तर भेटूनच जातो म्हणतोय. ब्लॉग आता तयार प्लॅटफॉर्मवर नेतो, जाहिराती दिसल्या तर दिसल्या, किल्ली तुझ्याकडेही राहील. चूक कशी झाली तेही त्याने समजावलं, वर्गात समजावतो तसं. जुनी खूण काढली, सगळं तारखेवर ठेवलं, या लेखाची तारीख कोरी होती, आणि संगणकाने कोऱ्या जागेचा भलताच अर्थ लावला.

सुरभीने ते सगळं ऐकून घेतलं. तिचा आवाज चढला नाही.

"तारीख कोरी होती म्हनून झालं म्हनता," ती म्हणाली. "पन कोरी काऊन ठेवली होती? कोनत्या दिवसाची वाट पाहून राह्यले होते तुम्ही?"

मुकेशने तोंड उघडलं. त्याला बाक आठवला, रडणं आठवलं, आणि तो मजकूर किती सुरेख उतरला होता तेही आठवलं.

पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला, खणखणीत, जरा चिडलेला. कोणाचा फोन आहे, असं विचारत होता.

"काई नाई, बाबूजी," सुरभी म्हणाली. "हे हायत. तुमची तब्येत कशी हाय, विचारून राह्यले."

आणि तिने फोन ठेवला.